एकोणीस साते

रोह्याला लागून असलेल्या वरश्याला आमची इमारत आहे, तिच्या तळमजल्याला एक क्लास चालतो. सातवी-आठवीची मुलं संध्याकाळी येतात, दाराशी चपलांचा ढीग करतात, आत जातात आणि दार लागतं. मग क्लास सुटेपर्यंत आवाज म्हणून नाही. मी वर गॅलरीत तांदूळ निवडत बसते आणि उगाच कान देऊन ऐकते. एकदा राहवलं नाही, खाली जाऊन त्या शिकवणाऱ्या मुलाला म्हटलं, "अरे, तुझी पोरं जिवंत आहेत ना?" तो हसला. म्हणाला, "आजी, आता सगळं स्क्रीनवर. पाढे पाठ करायची गरजच नाही." बरं बाबा, नसेल गरज. मी कोण सांगणार? पण सातवीचा वर्ग आणि आवाज नाही, म्हणजे फोडणी घातली आणि वास आला नाही असं झालं. मी ज्या वर्गात शिकवलं तो पेणच्या बाजारापर्यंत ऐकू जायचा. आणि त्या वर्गात मुलांपेक्षा गणपती जास्त होते.

पेणला माझ्या मामाचा, वसंतमामाचा, कारखाना होता. पेणमध्ये मूर्ती जिथे घडतात त्याला कारखानाच म्हणतात, मग तो घराच्या पडवीला पत्रे ठोकून केलेला का असेना. मामाचा तसाच होता. लांबलचक पडवी, दोन्ही भिंतींना फळ्या, फळ्यांवर गणपती, खाली शेणाने सारवलेली जमीन. आई मी लहान असतानाच गेली, तेव्हापासून पेण हे माझं सुट्टीतलं घर. कॉलेज संपवून मी रोह्याला नुसती बसले होते आणि तेवढ्यात मामी मागच्या दारी घसरून पडली, हात मोडला. आख्खा कारखाना शाडूचा, प्लास्टर तेवढं मामीच्या हाताला. बाबांनी मला तिच्या मदतीला पाठवलं. हात महिन्या-दीड महिन्यात जुळला, पण मी परत जायचं नाव काढलं नाही आणि मामीनेही माझी पिशवी भरली नाही. "राहू द्या हो नलूला," ती मामाला म्हणायची, "घरात बोलायला कोण हाय मला? तुम्ही बोलता ते मातीशी."

त्या घरातलं जेवण अजून माझ्या जिभेवर आहे. श्रावण लागला की कारखान्यात मासळी बंद, देवांचं काम. मग मामीच्या हाताला खरा ऊत यायचा. वाल भिजवून, मोड आणून, सोलून केलेलं बिरडं, त्याच्यात नारळाचं घट्ट दूध; अळूचं फदफदं; नागपंचमीला हळदीच्या पानातल्या पातोळ्या. वाल सोलायला आम्ही सगळे बसायचो, रंगकाम करणारी माणसंसुद्धा. हाताला सोनेरी रंग लागलेला असायचा, तो कधी कधी वालालाही लागायचा आणि मामी ओरडायची, "अरे मेल्यांनो, मला सोन्याचं बिरडं नको!" पोह्यांचा भाजका वास शेजारच्या गिरणीवरून यायचा, पत्र्यावर पाऊस असायचा, आणि ओल्या मातीचा गारवा पायांना लागायचा. आता मी वाल विकतचे सोललेले आणते. चव असते हो, पण सोलताना चाललेल्या गप्पा कुठून विकत आणायच्या?

शिकवणी मी काही ठरवून सुरू केली नव्हती. शेजारच्या मुलाला त्रैराशिक समजावलं, त्याने दुसऱ्याला सांगितलं, आणि बघता बघता सातवी-आठवीची पोरं शाळेआधी सकाळी पडवीत येऊन बसायला लागली. गणित मुख्य, पण विज्ञान, भूगोल, इंग्रजी, जे अडेल ते. फळ्या होत्या तिथे फळाही आलाच. मामाने एका जुन्या दरवाजाला काळा रंग मारून दिला. मी दोन मूर्ती समोर ठेवायची, एक वीतभर, एक तिच्या दुप्पट उंच, आणि विचारायची, "दुप्पट उंचीच्या गणपतीला माती किती लागेल?" सगळे एका सुरात, "दुप्पट!" मग सांगायची, नाही रे बाबांनो, आठपट. उंची दुप्पट, रुंदी दुप्पट, पोटही दुप्पट. पोरं त्या मूर्तीच्या पोटाकडे अशी बघायची की हे आठपटीचं कारस्थान त्या पोटाचंच आहे. भरती-ओहोटी शिकवायला मात्र मला पुस्तक उघडावं लागलं नाही. खाडीकडची मुलं होती, ती म्हणायची, "ताई, आज भांग हाय, पानी आमच्या बांधापरत येत नाय." मी म्हणायची, छान, आता ह्या भांगेचं, म्हणजे छोट्या भरतीचं, कारण सांगते, ते परीक्षेत लिहा.

त्या खाडीकडच्या मुलांत मंदा होती. आई-बाप मिठागरात राबणारे. ती बांधावरून चालत यायची, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले, आणि पडवीत शिरण्याआधी रांजणावर पाय इतके घासून धुवायची की मामी म्हणायची, "अगो, कातडी ठेव, उद्या लागेल." हुशार होती मंदा, चित्र सुरेख काढायची, पण चारचौघांत बोलायची वेळ आली की घशात आवंढा. विशेषतः एकोणिसाच्या पाढ्यात. आम्ही सगळे मिळून खड्या आवाजात म्हणायचो: एकोणीस पाचे पंच्याण्णव, एकोणीस सक चौदोदरसे. चौदोदरसे म्हणजे एकशे चौदा, हेही आता सांगावं लागतं. आणि पुढे एकोणीस सातेला मंदा थांबायची. एकशे तेहेतीस काही तोंडातून निघत नसे. बाकीची फिदीफिदी हसायला लागली तेव्हा मी नियम केला, ज्याला जिथे अडतं तिथे सगळा वर्ग थांबेल. तो बोलला की पुढे. हसणाऱ्याने मामीचे वाल सोलायचे. त्यामुळे आमच्या एकोणिसाच्या पाढ्यात सकनंतर कायमचा एक खड्डा होता. पोरं धावत यायची, खड्ड्यापाशी उभी राहायची, मंदाने पुटपुटत का होईना "तेहेतीसासे" म्हटलं की पुन्हा धावायची.

ह्या पाढ्यांची सवय मामाच्या हाताला कशी लागली ते कोणालाच कळलं नाही. मूर्तीचे डोळे काढणं हे कारखान्यातलं सगळ्यांत अवघड काम. त्याला आखणी म्हणतात. रंगारी पुष्कळ मिळतील, आखणीचा हात एखाद्याचाच. इतर कारखान्यांत आखणीच्या वेळी कोणी खोकायचंही नाही. मी पहिल्या दिवशी घाबरून वर्ग बंद केला, तर मामा मान वर न करता म्हणाला, "का गो थांबलीस? चालू दे." मग लक्षात आलं, तो पाढ्यावर हात चालवतो. त्यातही एकोणिसाचा त्याचा लाडका. एकेपासून सकपर्यंत पहिला डोळा, मग मंदाच्या खड्ड्यात कुंचला उचलायचा, रंगात बुडवायचा, आणि सातेपासून दाहेपर्यंत दुसरा. दुसऱ्याला वेळ कमी लागतो म्हणायचा, हाताला पहिला ठाऊक झालेला असतो. मामी कपाळावर हात मारायची. "लोक मंत्र म्हणून डोळे उघडतात, आमच्याकडे पाढे म्हणून!"

ते दिवस आठवले की मला अजूनही गलबलून येतं. लपवायचं काय त्यात? मला तेव्हा पहिल्यांदा कळलं होतं की आपल्याला काय व्हायचंय. एखाद्या पोराच्या डोळ्यात "हां, आलं लक्षात" असं जे चमकतं ना, त्याच्यासाठी मी दुसरं काहीही सोडलं असतं. आणि योग असा की पेणच्या एका शाळेच्या हेडसरांचा घरचा गणपती मामाकडचाच. मूर्ती बघायला म्हणून आले ते मागे उभे राहून माझा अपूर्णांकाचा तास ऐकत बसले. जाताना म्हणाले, "आमच्या पाचवी ते सातवीला गणित-विज्ञानाला माणूस हवाय. गणपती झाले की या. शिक्षकाच्या प्रशिक्षणाचं आपण पुढे बघू, पण आधी वडिलांना विचारा." झालं! सगळं घोडं तिथेच पेंड खाणार होतं. बाबा कंपनीत होते, शिफ्टवर मीटर बघायचे, काटा केसभर हलला तरी त्यांना दिसायचा. माणूस वाईट नव्हता, पण एकदा नाही म्हणाले की नाही. आणि वरश्याचं एक स्थळ त्यांच्या मनात भरलंय हे मला आत्याकडून कळलं होतं. गणपती न्यायला ते दरवर्षी पेणला यायचे. ह्या वर्षी गणपतीबरोबर मलाही नेणार होते. मामाने मला शब्द दिला, "तू गप राहा. मी बोलतो त्याच्याशी."

मामाला बोलणं जमायचं नाही, म्हणून त्याने त्याच्या पद्धतीने तयारी केली. एका सकाळी त्याने मुद्दाम आमचा, रोह्याचा गणपती पाटावर घेतला. "तुझा बाप आधी मूर्ती बघणार. डोळे बघून खूश झाला की मग मी विषय काढतो. चला रे, एकोणिसाचा." पोरांनी सुरुवात केली. मी फळ्यापाशी उभी, मंदा पुढच्या रांगेत, मामा पाटावर वाकलेला. एकोणीस त्रिक सत्तावन्न. एकोणीस चोक शहात्तर. डोळा सुरेख उतरत होता. एकोणीस सक चौदोदरसे, आणि सगळी पोरं नेहमीसारखी थांबायच्या आत मंदाचा आवाज आला, खणखणीत, एका दमात: "एकोणीस साते तेहेतीसासे!" आदल्या दिवसापासून बांधावरून येता-जाता घोकत होती म्हणे. पोरांनी असा गलका केला की पत्रे हादरले. मी पळत जाऊन तिला मिठी मारली. मामी पळी घेऊन बाहेर आली. मंदा हसतही होती आणि रडतही होती.

मामा मात्र हलला नव्हता. त्याचा कुंचला खड्ड्याची वाट बघत होता आणि खड्डा आलाच नाही. हात पाढ्याबरोबर पुढे गेला. पहिल्या डोळ्याचं टोक जिथे संपायचं तिथे संपलं नाही, वर गेलं, तांदळाच्या दाण्याएवढं. दुसरा डोळा त्याने नीट काढला, पण दोन्ही सारखे राहिले नाहीत. मी म्हटलं, "मामा, पुसून पुन्हा काढ ना." त्याने मान हलवली. "उघडलेला डोळा पुसायचा नाय. माझ्या बापाने कधी पुसला नाय." मग मंदाकडे बघून म्हणाला, "शाबास गो पोरी." आणि खरंच मनापासून म्हणाला. दुसऱ्या मूर्तीला मातीपासून सुरुवात करायला आता दिवस उरले नव्हते, आणि इतर सगळ्या मूर्ती लोकांनी आधीच निवडून ठेवलेल्या. रोह्याला तीच जाणार होती.

बाबा आले ते चतुर्थीच्या आदल्या दिवशी. चहा घेतला, मामीच्या हाताची चौकशी केली, आणि मूर्तीसमोर उकिडवे बसले. मला वाटतं चहाचा कप खाली ठेवायच्या आधीच त्यांना दिसलं होतं.

"वसंतराव, डोळ्याचं टोक वर गेलंय."

"गेलंय," मामा म्हणाला.

"तुमच्या हातून? असं कसं झालं?"

तेव्हा मामीला वाटलं आपण सांभाळून घ्यावं. ती माउली म्हणाली, "अहो, नलूच्या शिकवणीतली पोरगी पहिल्यांदाच न अडता पाढा बोलली, त्याच्यात ह्यांचा हात पुढं गेला. गुणाची पोरगी हाय हो! एवढी नलूने तयार केली तिला." बाबांनी मामाकडे बघितलं, मग फळ्याकडे, मग माझ्याकडे. "म्हणजे देवाचे डोळे तुम्ही पोरांच्या गोंगाटात काढता?"

"तो गोंगाट नाय," मामा म्हणाला. आणि मग जे आयुष्यात बोलला नसेल तेवढं एका दमात बोलला. "नलूला हेडसर शाळेत घेतायत. पोरगी शिकवते ते ऐकत राहावं असं शिकवते. मी रोज ऐकतो, भावजी. तिला राहू द्या. माझ्या बहिणीची शेवटची खूण हाय, मी तिला काय कमी पडू देणार नाय."

मीही म्हटलं, "बाबा, मला शिकवायचंय." त्यापेक्षा जास्त काही सुचलंच नाही, आणि त्यापेक्षा जास्त काही नव्हतंही. बाबांनी पुन्हा त्या डोळ्याकडे बघितलं. मग खिशातून नवा रुमाल काढला, मूर्तीच्या तोंडावर घातला, मागे गाठ मारली. "आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांचे पाढे म्हणत बसणार का? वरश्याची माणसं गौरीनंतर येतायत. सामान घे, नलू. गाडी चुकेल." आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर मी भांडले तरी असते.

मी पिशवी घेऊन बाहेर आले तर रांजणापाशी मंदा उभी. पाय धुता धुता सगळं ऐकलं होतं तिने. मला म्हणाली, "ताई, मी परत अडकते ना. उद्यापासून सातेला परत अडकते. मंग तुमी नाय ना जानार?"

अहो, काय सांगू! बाबांच्या नकाराने आलं नव्हतं ते रडू तिथे आलं. मी तिचा ओला हात धरला आणि म्हटलं, "खबरदार अडकलीस तर. आता कोणासाठी म्हणून अडकायचं नाही, माझ्यासाठीसुद्धा नाही." ती मान हलवत राहिली, पण तिला पटलं नव्हतं, मलाही कुठे पटलं होतं.

एसटीत मूर्ती माझ्या मांडीवर होती. रस्त्याला खड्डे, मी दोन्ही हातांनी धरून बसलेली, शेजारी बाबा. वाटेत खांब गावाला गाडी थांबली तेव्हा त्यांनी भजी आणली, मी खाल्ली नाहीत. त्यांनीही खाल्ली नाहीत, कागदात तशीच तेलकट होऊन राहिली. घरी मूर्ती बसली, रुमाल सुटला, आणि मखरातून ते वर गेलेलं टोक दिसायला लागलं. येणारा-जाणारा म्हणायचा, "यंदा बाप्पा गालात हसतोय." आरतीला उभी राहिले की मला खणखणीत "तेहेतीसासे" ऐकू यायचं. कुंडलिका नदीवर विसर्जनाला जाताना बाबा मला हळूच म्हणाले, "डोळा वाईट नाही दिसत गो." पण तोवर पत्रिका जुळली होती.

संसार चांगला झाला, उगाच खोटं का बोलू? ह्यांनी कधी वाकडा शब्द वापरला नाही. मुलांना मी घरी शिकवलं, पण स्वतःची मुलं आईला कुठे बाई मानतात! फळ्यासमोर मात्र पुन्हा उभी राहिले नाही ती नाहीच. एकदोनदा निघाले, तेव्हा कोणी आजारी, कोणाची बारावी, असं होत गेलं. शाळेची घंटा ऐकली की आजही हातातलं काम थांबतं. त्या वर्षानंतर मामाच्या मूर्ती अगदी रेखीव यायच्या, दोन्ही डोळे सारखे. मी कौतुक केलं की तो म्हणायचा, "कारखाना मुका झालाय गो. सरळ येतात, पण मजा नाय." मंदा सातवी पास झाली, पुढे दहावीही झाली, आणि मग मामाकडेच रंगाला लागली. आज पेणमध्ये आखणीला तिचा हात मागतात. कारखाना तीच सांभाळते, मामालाही.

मामा आता फार थकलाय. हात थरथरतो, पण रोह्याच्या, म्हणजे माझ्या घरच्या गणपतीचे डोळे तो दुसऱ्या कोणाला काढू देत नाही. यंदा श्रावणात सकाळी मंदाचा फोन आला. "ताई, मामांनी कुंचला धरलाय, पन हात सुरूच होत नाय. कवाचे बसलेत. बोलतायत, नलूला फोन लाव." मागून मामाचा आवाज आला, बारीक, चिडका: "एकोणिसाचा म्हण गो."

मी गॅस बंद केला. स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहिले, पदर सारखा केला, आणि जशी पोरांपुढे म्हणायची तशी खड्या आवाजात सुरुवात केली. एकोणीस एके एकोणीस. एकोणीस दुणे अडतीस. तिकडे कोणी बोलत नव्हतं, पण कुंचला चालला होता, मला माहीत आहे तो कसा चालतो ते. पाचे पंच्याण्णव. सक चौदोदरसे. आणि तिथे मी थांबले. सवयीनेच थांबले. मामाने कुंचला उचलून वाटीत बुडवल्याचा आवाज आला. मी पुढचं म्हणायला तोंड उघडलं तर शब्दच फुटेना. तेव्हा तिकडून मंदा म्हणाली, सावकाश, न अडखळता, "एकोणीस साते तेहेतीसासे."

"हां," मामा म्हणाला, "आता दुसरा."

मी डोळे पुसले आणि म्हटलं, एकोणीस आठे बावन्नासे. माझा वर्ग भरला होता.